जुनी कॉर्व्हेट घ्यावी का? पाळलेल्यांनी खरं खरं सांगा

कोथरूड_ते_नोव्ही

मंडळी, धागा काढायला जरा लाज वाटतेय पण विचारतोच. वय ४७, मुक्काम नोव्ही, मिशिगन. दारात एक मिनीव्हॅन आणि एक छोटी एसयूव्ही. थोरली ऑगस्टमध्ये कॉलेजला डॉर्मवर जाईल, धाकटा अजून दोन वर्षं घरी. गेले सहा महिने जेवण झालं की मी फोनवर जुन्या कॉर्व्हेटच्या (शेव्हरोलेची दोन सीटची स्पोर्ट्स कार) जाहिराती बघत बसतो, बायकोला वाटतं शेअर बाजार बघतोय. आता एक सापडलीय, घरापासून ४० मैलांवर. २००२ ची सी५ (म्हणजे पाचवी पिढी) कूप, सहा गिअरची मॅन्युअल, ७१ हजार मैल, दुसरा मालक, मागतोय साडेसतरा हजार डॉलर. तेवढ्याच पैशात २०१५ ची फोर्ड मस्टँग जीटी पण दिसतेय, जरा जास्त पळालेली.

ऑफिसातले दोघं जर्मन गाडीवाले म्हणतात अमेरिकन गाडी सरळ रस्त्यावर पळते, वळण आलं की देवाचं नाव घ्यायचं, आत सगळं प्लास्टिक आणि पेट्रोल पिते नुसती. बायकोचा प्रश्न एकच, "दोन सीटची गाडी घेऊन आपण चौघं जायचं कुठे?" याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांनी खरोखर वापरलीय त्यांनी लिहा, यूट्यूब बघून सांगणारे नकोत, तो मी स्वतःच आहे.

खमंग_काकडी

चौघांतले दोघं जायचं, त्यात काय. बाकी रुमाल टाकून ठेवतो, धागा शंभरी गाठणार.

सहावा_गिअर

माझ्याकडे २००१ ची आहे, अकरा वर्षं झाली, मी ओहायोत असतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी इंजिनाचं. लोक हसतात की यांना अजून पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्या) सोडवत नाही, एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. पण त्यामुळेच ते इंजिन बुटकं आणि आटोपशीर राहतं, डोक्यावर चार चार कॅमशाफ्टचा डोलारा नाही, म्हणून ५.७ लिटरचं असूनही बॉनेट एवढं खाली ठेवता आलं. सी५ मधलं एलएस१ इंजिन सगळं ॲल्युमिनियमचं, सुरुवातीला ३४५ हॉर्सपॉवर, २००१ पासून ३५०. आणि याच इंजिनाची चुलत भावंडं जीएमच्या (शेव्हरोलेची मूळ कंपनी) पिकअप ट्रकांत वर्षानुवर्षं गेली, त्यामुळे बरंचसं सामान कोपऱ्यावरच्या पार्ट्सच्या दुकानात मिळतं आणि कुठलाही मेकॅनिक ते उघडताना घाबरत नाही. ऑफिसातल्या त्या दोघांना विचारा त्यांच्या गाडीचं सामान कितीला आणि किती दिवसांत येतं.

पेट्रोल पिते हे गावात खरंय. पण हायवेला सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन सोळाशेच्या आसपास फिरत असतं, झोप लागल्यासारखं, आणि मला गॅलनला २७-२८ मैल पडतात म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला जवळजवळ १२ किलोमीटर. घरातल्या एसयूव्हीने २५ चा आकडा कधी दाखवला नाही. फक्त प्रीमियम भरायचं, तिथे काटकसर नको.

आता हसायला एक मुद्दा देतो. या गाडीला पाटे आहेत. हो, ट्रकला असतात तसे, किंवा बैलगाडी म्हणा. फरक एवढाच की हा पाटा फायबरग्लासचा, आडवा बसवलेला, पुढे एक मागे एक. १९८४ च्या सी४ पासून थेट सी७ पर्यंत हेच चाललं. पोलादी कॉइलपेक्षा हलका, जागा कमी खातो, आणि बसतो पण खाली, वजन जमिनीजवळ. चारही चाकं स्वतंत्र. शिवाय सी५ पासून गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेलाय, त्यामुळे पुढे मागे वजन जवळजवळ निम्मं निम्मं. वळणावर देवाचं नाव मागे येणाऱ्याला घ्यावं लागतं.

बॉडी फायबरची, लोहचुंबक चिकटत नाही, गंजत नाही. पण ठोकलीत तर पोचा येत नाही, तडा जातो, आणि असलं काम येणारा माणूस शोधावा लागतो, तो मिळाला की तो सांगेल तो भाव. खालची चौकट मात्र पोलादाचीच, म्हणून मिठाच्या रस्त्यावर फिरलेली असेल तर टॉर्च घेऊन खाली झोपून बघा, लाजू नका. अजून एक, या गाडीच्या फ्लोअरमध्ये बाल्सा लाकडाचा थर आहे, मी हे सांगतो तेव्हा लोकांना मी फेकतोय असं वाटतं.

प्लास्टिकचं ते म्हणतात ते बरोबर. त्या काळातल्या कुठल्याही अमेरिकन गाडीत बसल्यासारखं वाटतं, पण दोन आठवड्यांत ते दिसेनासं होतं.

खरा खर्च टायरचा. पुढचे १७ इंची, मागचे १८ इंची, मापंच वेगळी, त्यामुळे झिजले की पुढचे मागे करून दिवस काढणं नाही. स्टेपनी नाही, जॅकसुद्धा नाही, कंपनीतून रन-फ्लॅट टायर यायचे, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे.

वहिनींच्या प्रश्नाला उत्तर: मागची काच उघडली की सामानाला बेसुमार जागा आहे. गेल्या गणपतीत मंडळाचं पुठ्ठ्याचं मखर, दोन समया, सतरंज्या आणि मोदकांचे तीन डबे मी एका फेरीत नेले, मिनीव्हॅनवाले बघत राहिले. माणसं मात्र दोनच.

हलकं_फुलकं

उगाच एवढा पसारा कशाला. माझ्दाची मियाटा घ्या, छोटी दोन सीटची. हजार-अकराशे किलोची गाडी, रोजच्या रस्त्यावर रोजच्या स्पीडला मजा देते, तुमच्या ३५० घोड्यांना दुसऱ्या गिअरमध्ये मोकळं सोडलं की लायसन्स जातंय. घोडे पाळायचे आणि बांधून ठेवायचे.

सहावा_गिअर

@हलकं_फुलकं, मुद्दा मान्य, अगदी मान्य. दुसऱ्या गिअरमध्येच ६० च्या वर जाते, मग सहा गिअर कशाला असं मला पण कधी कधी वाटतं. पण सी५ फार जाडी नाहीये हो, साडेचौदाशे किलोच्या आसपास, त्या मस्टँगपेक्षा दोनेकशे किलो कमी. आणि मी सहा फूट एक आहे, मियाटात बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागतात, वरून टोपी घातलेलं लोणचं दिसतो.

डॅम्परवाली

मी इथेच मिशिगनमध्ये सस्पेन्शनचं काम करते, चौदा वर्षं झाली, स्वतः २०१६ ची मस्टँग जीटी चालवते. म्हणजे माझा पक्ष आधीच सांगितला.

२०१५ च्या आधीची मस्टँग बघत असाल तर एक लक्षात ठेवा, तिला मागे एकसंध ॲक्सल असायचा, एखाद-दुसरं खास मॉडेल सोडून. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही खबर जाते. ड्रॅगवाल्यांना (सरळ रेषेतल्या शर्यतीवाले) तो आवडतो, दणकट असतो. पण आपल्या इथल्या मार्च महिन्यातल्या रस्त्यांवर, बर्फ वितळून खड्डे उघडे पडतात तेव्हा, वळणात मागचा भाग टुणकन बाजूला उडी मारतो. २०१५ पासून मागची चाकं स्वतंत्र झाली आणि गाडी एकदम माणसाळली. मागे सीट पण आहे, धाकटा बसेल, मान वाकडी करून. तुमच्या ऑफिसवाल्यांचं वळणाचं म्हणणं जुन्या मस्टँगवरून आलेलं आहे, कॉर्व्हेटला ते लागू नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. गाडी घेताना हॉर्सपॉवर बघू नका, टायर कुठले ते बघा. या गाड्यांना समर टायर असतात आणि ४०-४५ फॅरनहाइटच्या (साधारण ४ ते ७ सेल्सियस) खाली ते रबर रबर राहत नाही. माझीच गोष्ट. एप्रिलमधली सकाळ, कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन, ३६ डिग्री फॅरनहाइट. मीटिंगला उशीर झालेला, हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये थोडासाच पाय दिला, थोडासाच म्हणजे खरंच थोडासा, आणि मागची बाजू माझ्या शेजारून पुढे यायला निघाली. गवतात जाऊन थांबले, तोंड आलेल्या दिशेला. गाडीला काही नाही, मला काही नाही, फक्त कॉफीने सगळा डॅशबोर्ड भिजला. लोक म्हणाले, एवढी पॉवर बायकांना झेपत नाही (हो, हे ऐकून घेतलंय). पॉवरचा संबंधच नव्हता, टायर लाकडासारखे झाले होते आणि हे माझं रोजचं काम असून मी ते विसरले.

तेव्हा मिशिगनमध्ये ही गाडी एप्रिलअखेर ते ऑक्टोबर एवढीच, धरा सहा महिने. उरलेले सहा महिने ती कुठे राहणार? तुमच्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज असेल तर हिवाळ्यात मिनीव्हॅन बाहेर बर्फात उभी राहणार आणि ती सकाळी कोण साफ करणार? गाडी साडेसतरा हजारांत मिळेल हो, गॅरेजमधली तिसरी जागा कितीला पडते ते आधी काढा.

कोथरूड_ते_नोव्ही

ताई, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. गॅरेज दोन गाड्यांचं, त्यात अर्ध्या भागात सासूबाईंनी आणलेली गिरणी, मुलांच्या सायकली आणि एक ट्रेडमिल. इन्शुरन्सचं कसं असतं? मी फोन केला तर एकाने जो आकडा सांगितला तो ऐकून मी फक्त थँक्यू म्हटलं.

डॅम्परवाली

नेहमीची पॉलिसी मागू नका. जुन्या, हौसेच्या गाड्यांची वेगळी पॉलिसी असते, गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात, हप्ता बराच कमी. बदल्यात अटी असतात, गाडी बंद गॅरेजमध्ये हवी, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, ऑफिसला न्यायची नाही, काही ठिकाणी वर्षाच्या मैलांवर मर्यादा. म्हणजे फिरून परत गॅरेज. मिशिगनमध्ये २०२० च्या जुलैपासून मेडिकलचं अमर्याद कव्हर सक्तीचं राहिलेलं नाही, पण दोन पैसे वाचवायला ते कमी करू नका, निदान अशा गाडीवर तरी.

हडपसरचा_हँडब्रेक

पुण्यातून लिहितोय, इथला अनुभव म्हणून. माझ्या मामेभावाकडे मस्टँग आहे, लाल. २०१६ ला ती भारतात आली तेव्हा एक्स शोरूम ६५ लाख, तीच गाडी तुमच्याकडे साधारण मध्यमवर्गीय माणूस घेतो. उजव्या स्टिअरिंगची मस्टँग कंपनीने बनवली तीच मुळात त्या पिढीत पहिल्यांदा, म्हणून तर इकडे आली. इंजिन ५ लिटर व्ही८, पण इकडे ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर, तिकडे ४३५, आणि ऑटोमॅटिकच.

मालकी म्हणजे काय ते सांगतो. सोसायटीतलं मेकॅनिकल पार्किंग रुंदीला पुरत नाही म्हणून ती पाहुण्यांच्या जागेत, त्यावरून दर सर्वसाधारण सभेत भांडण. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, वॉचमन खाली वाकून हाताने खुणा करतो, आता त्याला बरोबर अंदाज आलाय. सिग्नलला उभी राहिली की बाइकवाले व्हिडिओ काढतात, "भाऊ एकदा आवाज काढा ना". गाडी चालते कधी, तर रविवारी पहाटे पाचला, लोणावळ्यापर्यंत, चहा वडापाव आणि आठच्या आत परत. एक्सप्रेसवेला १०० ची मर्यादा, घाटात आणखी कमी, म्हणजे सगळा जीव त्या आवाजात. तरीही सांगतो, बोगद्यात काचा खाली करून तो जेव्हा एक गिअर खाली घेतो ना, मी ४२ वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, प्रत्येक वेळी हसू येतं.

२०२१ मध्ये फोर्डने भारतातले कारखाने बंद करायचं ठरवलं तेव्हा मात्र भावाचा चेहरा बघवत नव्हता. सर्व्हिस चालू राहिली, पण पुढची काच फुटली तेव्हा किती दिवस प्लास्टिक लावून ठेवली हे तो सांगत नाही, मीही विचारत नाही.

खमंग_काकडी

वॉचमनला गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स पाठ आहे, हा धाग्यातला सर्वोत्तम तपशील.

लोणच्याची_बरणी

कॉर्व्हेट घेणाऱ्या प्रत्येकाला माझी फजिती सांगणं मी कर्तव्य समजतो. न्यू जर्सी, एडिसन. माझी सी६, म्हणजे तुमच्याच्या पुढची पिढी. हिला दाराला हँडल नाही, आत बोट घातलं की बटण लागतं, सगळं विजेवर. आम्ही डिसेंबरात पाच आठवडे नाशिकला गेलो, बॅटरीला चार्जर लावायचा राहिला. आलो तर गाडी मेलेली. बॅटरी आहे पुढे बॉनेटखाली आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत. म्हणजे बॅटरीपर्यंत जायला दार उघडायला हवं आणि दार उघडायला बॅटरी हवी. अर्धा तास मी थंडीत गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या. शेवटी मुलीने मॅन्युअल वाचलं (मी वाचलं नव्हतं, चार वर्षांत). रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली असते, मागच्या नंबरप्लेटच्या वर भोक असतं, त्यात ती घालायची, काच उघडते, आत पोटावर सरकत जाऊन एक पट्टी ओढायची मग ड्रायव्हरचं दार सुटतं. आणि हे आताच सांगून ठेवतो, आत बसलेले असताना बॅटरी गेली तर सीटशेजारी खाली एक खटका असतो, घरातल्या सगळ्यांना तो आधी दाखवा. तुमच्या सी५ ला साधं हँडल आहे, नशीबवान आहात. तरी वीसेक डॉलरपासून मिळणारा ट्रिकल चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) गाडीच्या आधी घ्या.

जुनं_फर्निचर

अवांतर, पण राहवत नाही. पहिली कॉर्व्हेट १९५३ ची, मिशिगनमध्येच फ्लिंटला बनली, तुमच्यापासून तासाभरावर. त्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. आणि इंजिन काय, तर सहा सिलिंडर, गिअरबॉक्स दोन गिअरचा ऑटोमॅटिक! म्हणजे स्पोर्ट्स कारचं नुसतं सोंग होतं, व्ही८ आला १९५५ ला. १९८१ पासून कारखाना केंटकीत बोलिंग ग्रीनला, शेजारीच म्युझियम, जरूर बघा. २०१४ च्या फेब्रुवारीत त्याच म्युझियमच्या आत जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या.

हडपसरचा_हँडब्रेक

फक्त आठ? आमच्याकडे या.

जुनं_फर्निचर

@हडपसर :)) अजून एक मुद्दा कामाचा. २०२० च्या सी८ पासून इंजिन मागे गेलं आणि मॅन्युअल गिअर बंदच झाला. शेव्हरोलेची कॅमारो, डॉजची चॅलेंजर २०२३ अखेर थांबल्या. तेव्हा पाय आणि हात दोन्ही वापरून चालवायची अमेरिकन गाडी हवी असेल तर दुकान हळूहळू आवरतंय.

कोथरूड_ते_नोव्ही

अपडेट. शनिवारी गाडी बघून आलो. धाकट्याला नेलं होतं, बायकोला सांगून.

मालक सत्तरीचे गृहस्थ, गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. सहावा_गिअर यांनी सांगितलं म्हणून टॉर्च घेऊन खाली झोपलो, तर ते म्हणाले थांब, आणि अंथरायला जुनी चटई दिली. चौकटीवर थोडा वरवरचा गंज, बाकी कोरडं. दिवे वर उघडतात ते दोन्ही एकदम उघडले. मग टायर. नक्षी अगदी नव्यासारखी, पण बाजूचे शेवटचे चार आकडे वाचले तर १९१४, म्हणजे २०१४ चा एकोणिसावा आठवडा. डॅम्परवाली ताईंची आठवण झाली. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि "हं" म्हणाले.

चालवायला दिली. तेवीस वर्षांनी क्लच, शेवटचा वडिलांच्या मारुती ८०० चा. पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला गेलो तर चौथ्यात गेली. परत केलं, परत चौथा. मला वाटलं गेलं, आपल्याला आता जमत नाही. काका शेजारी हसत होते. कुणी सांगेल का हे काय प्रकरण आहे?

सहावा_गिअर

अरेरे, ते सांगायचं राहिलं! हळू चालवत असलात की गाडी मुद्दाम दुसऱ्याचं दार बंद करते आणि पहिल्यातून चौथ्यात ढकलते. मायलेजच्या सरकारी चाचणीत आकडा चांगला यावा आणि जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा कर चुकावा म्हणून केलेली चलाखी. उपाय दोन, एक तर एक छोटा कनेक्टर मिळतो तो लावायचा, नाहीतर पहिल्यात जरा जास्त पाय द्यायचा. मी दुसरा उपाय करतो.

कोथरूड_ते_नोव्ही

हुश्श. मग परत येताना समोरून एक पिवळी कॉर्व्हेट आली आणि तिच्यातल्या बाईंनी हात केला. मी मागे बघितलं कोणाला करतायत. काका म्हणाले तुलाच, कॉर्व्हेटवाले एकमेकांना हात करतात, करायचाच. नोव्हीत राहायला लागून सोळा वर्षं झाली, अनोळखी माणसाने रस्त्यात हात केल्याचं आठवत नाही. तिथेच मी गेलो, कबूल करतो.

टायरचे तेराशे कमी करून सोळा हजार दोनशेला ठरलीय. एनएचटीएसएच्या (अमेरिकेचं रस्ते-सुरक्षा खातं) साइटवर नंबर टाकून रिकॉल बघितले, सगळे झालेले. गॅरेजचं असं ठरलंय की ट्रेडमिल विकायची (कोणीच विरोध केला नाही), गिरणी तळघरात, आणि नोव्हेंबर ते एप्रिल मिनीव्हॅनवरचा बर्फ रोज सकाळी मी काढायचा, हे बायकोने फ्रिजवर लिहून लावलंय, खाली माझी सही आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा) असते, तिथे जायचं ठरवत होतो, पण नेमकं त्याच दिवशी थोरलीला डॉर्मवर सोडायचंय. म्हणजे मिनीव्हॅन.

एकच शंका राहिली. मे महिन्यात आई येतेय पुण्याहून, ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. फोनवर सांगितलं तर म्हणाली मला त्यातून देवळात ने. पाँटियॅकचं मंदिर, अर्ध्या तासावर. ती बसू शकेल का?

सहावा_गिअर

बसायला काही नाही हो, पाठ करून टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, आमच्या आई बसतात. उतरताना मात्र दोघं जण लागतात, आणि साडी असेल तर दाराची पट्टी आधी पुसून घ्या.